आधी नदीचं विचारा, मग भाड्याचं: बडोद्यात पहिलं घर शोधणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे महिना संपत आला की मला फोन सुरू होतात. जळगावहून, धुळ्याहून, कधी नाशिक-सांगलीहून. कुणाच्या मुलीला एम. एस. युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळालेला असतो, कुणाचा भाचा मकरपुऱ्यातल्या कंपनीत रुजू होणार असतो. "ताई, तुम्ही बडोद्याला असता ना? एखादं घर सांगा की." एखादं घर सांगणं जमतं. पण घर कसं बघायचं हे फोनवर पाच मिनिटांत सांगता येत नाही, आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळे माणसं अडकतात. मी २०१३ साली जळगावहून इथे नोकरीला आले. तेव्हापासून चार भाड्याची घरं केली आणि त्यातल्या एका घरात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. म्हणून हे एकदाचं लिहून काढते आहे. आज मी नव्यानं घर शोधायला निघाले तर ज्या क्रमानं जाईन, त्याच क्रमानं.

कामाची जागा आधी, घर नंतर

बडोदं काही मुंबई-पुण्याएवढं पसरलेलं नाही. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला वाटतं, कुठेही राहिलं तरी चालेल. पण रेल्वेलाइननं या शहराचे दोन भाग केलेत. पश्चिमेला अलकापुरी, अकोटा, गोत्री, वासणा, सुभानपुरा, पुढे भायली. पूर्वेला सयाजीगंज, जुनं शहर, कारेलीबाग, आजवा रोड, वाघोडिया रोड. रोज सकाळी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचं म्हणजे पूल तरी गाठायचा किंवा गरनाळं. गरनाळं म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता. इथे सगळे हाच शब्द वापरतात. अलकापुरीचं गरनाळं जोराचा पाऊस झाला की भरतं आणि बंद होतं, आणि मग सगळी गर्दी पुलावर येते.

मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे गुजरातच्या एमआयडीसीत) काम असेल तर मांजलपूर, तरसाली, माणेजा या बाजूला बघा. रिफायनरी, जीएसएफसी (खतांचा कारखाना) किंवा नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर छाणी, निझामपुरा, गोरवा. सावली-मंजुसरच्या कंपन्यांसाठी समा किंवा हरणीकडून निघणं सोपं. हालोलला जाणारे हरणी आणि आजवा रोडच्या बाजूला राहतात. वाघोडियाच्या वाटेवरच्या पारुल युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्यांना वाघोडिया रोड बरा पडतो. पण या सगळ्याच्या आधी एक काम करा: कंपनीची बस असेल तर ती कुठे कुठे थांबते, याची यादी एचआरकडून मागून घ्या. बसच्या थांब्यापासून दहा मिनिटं चालत असलेलं घर हे दोन हजार रुपयांनी स्वस्त पण लांब असलेल्या घरापेक्षा परवडतं. पहिल्या पाळीला पहाटे निघणाऱ्याला तर रिक्षाही सहज मिळत नाही.

विद्यार्थ्यांनी "युनिव्हर्सिटीजवळ" एवढंच म्हणून शोधू नये. एम. एस. युनिव्हर्सिटी एका आवारात नाही. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स सयाजीगंज-फत्तेगंजच्या बाजूला आहेत, तर इंजिनिअरिंगची फॅकल्टी कलाभवनात. हे कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं, आणि ते दांडिया बाजाराजवळ. मेडिकलवाल्यांचं सगळं सयाजी हॉस्पिटलभोवती, म्हणजे रावपुऱ्याला लागून. फॅकल्टी कोणती ते कळल्याशिवाय खोली ठरवू नका.

मराठी माणूस बडोद्यात आला की त्याला कुणीतरी दांडिया बाजार सुचवतंच. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, नवापुरा, शियाबाग या भागांत पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत. जिन्यात मराठी ऐकू येतं, गणपतीत आरत्या ऐकू येतात, आणि मांडवीतलं मध्यवर्ती वाचनालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे मराठी पुस्तकं मिळतात. नव्यानं घर सोडून आलेल्या मुलांना याचा फार आधार होतो, हे मी माझ्या नणंदेच्या मुलीवरून सांगते. पण तिथे गाडी लावायला जागा नाही, घरं जुनी आहेत, वायरिंग जुनं आहे आणि बरेच जिने उभे आणि अंधारे. आई-वडील सोबत येऊन राहणार असतील तर जिना आधी बघा. एकटे असाल तर मी अजूनही हाच भाग आधी बघायला सांगेन.

नदी

आता जे सांगते ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. उन्हाळ्यात पुलावरून बघितली तर ओढ्यासारखी दिसते आणि नव्या माणसाला तिचं काही वाटत नाही. पावसाळ्यात मात्र बडोदेकर रोज दोन आकडे विचारतात: आजव्याची पातळी किती आणि काळाघोड्याची किती. आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेला तलाव. तो भरला की त्याचं पाणी विश्वामित्रीत येतं. काळाघोडा पुलाजवळ नदीची पातळी मोजतात, तिथली धोक्याची खूण २६ फुटांची. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पातळी ३५ फुटांच्याही वर गेली आणि अर्धं शहर काही दिवस पाण्यात होतं. समा, फत्तेगंज, हरणी, कारेलीबाग, परशुराम भट्टा, अकोटा, मुजमहुडा, वडसर या नावांच्या पुढे तेव्हा रोज बातम्या होत्या. पाण्याबरोबर मगरी गल्ल्यांत येतात, हे ऐकीव नाही. या नदीत मगरी आहेतच.

या भागांत घर घेऊच नका, असं मी म्हणत नाही. यातल्या प्रत्येक भागात उंचावरच्या सोसायट्या आहेत, जिथे पाणी आलंच नाही, आणि दोनशे पावलांवर अशा गल्ल्या आहेत जिथे पहिला मजला गाठला. म्हणून प्रश्न भागाचा नाही, त्या गल्लीचा आणि त्या मजल्याचा आहे.

२०१७ साली मी समाच्या बाजूला तळमजल्याचं टेनामेंट भाड्यानं घेतलं. टेनामेंट म्हणजे इथलं बैठं, ओळीतलं घर. घर छान होतं, पुढे तुळस लावायला जागा. मालकांना विचारलं, पावसाळ्यात पाणी येतं का? "कधी नाही," म्हणाले. मी विश्वास ठेवला, कारण घर नुकतंच रंगवलेलं होतं. पण रंग नीट बघितला असता तर कळलं असतं. भिंतीचा खालचा चार फूट भाग ताजा होता आणि वरचा जुनाच, नुसता पुसून घेतलेला. दोन्हींच्या मधली रेघ कपाटामागे सरळ दिसत होती. दारांच्या चौकटी खालच्या बाजूला बदलून पीव्हीसीच्या बसवलेल्या होत्या. विजेची बटणं आणि प्लग पॉइंट इतर घरांपेक्षा वर, माझ्या खांद्याच्या उंचीवर होते. हे सगळं मी रोज बघत होते आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. २०१९ च्या त्या रात्री बाथरूमच्या नाळीतून आधी पाणी वर आलं, मग दारातून. माझं शिलाई मशीन, फ्रीज, लग्नातल्या साड्यांची पेटी आणि आईनं दिलेल्या पितळी पातेल्यांमधलं धान्य, सगळं गेलं. सर्टिफिकेटांची फाइल शेजारच्या मुलानं वरच्या मजल्यावर नेली, म्हणून ती वाचली.

तेव्हापासून मी घर बघायला गेले की मालकाला हा प्रश्न सर्वात शेवटी विचारते. आधी गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारते. हे तिघे पाण्यातून गेलेले असतात आणि त्यांना घर भाड्यानं द्यायचं नसतं. गुजरातीतून विचारलंत तर मोकळेपणानं बोलतात: "पूरमां पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?" म्हणजे पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं. "आलं होतं का" असं विचारू नका, त्याला "नाही" हे सोपं उत्तर आहे. "कुठपर्यंत" विचारलं की माणूस हातानं उंची दाखवतो. मांडीवर, कमरेवर, छातीवर. तो हात बघायचा.

मग हेही बघा. वीजमीटर कुठे आहेत? तळमजल्यावर जमिनीलगत असतील तर पुरात अख्ख्या इमारतीची वीज जाते, तुम्ही चौथ्या मजल्यावर असलात तरी. पंप बंद, लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. चांगल्या सोसायट्यांनी २०२४ नंतर मीटरची पेटी वर घेतली आहे. दुसरं, जवळ कांस आहे का? कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा मोठा नाला. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावं इथे रोजच्या बोलण्यात आहेत. नदी लांब आहे म्हणून निर्धास्त झालेल्या गल्लीत कांस उलटी भरून पाणी येतं. तिसरं, सोसायटीचा रस्ता. घर उंचावर आणि रस्ता खोलात असेल तर घरात पाणी येणार नाही, पण तुम्ही दोन दिवस अडकाल. पहिल्या मजल्यापासून वर राहणाऱ्यांना मी हे चालवून घ्या असं सांगते. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर नको.

किती पैसे हाताशी हवेत

नव्या माणसाचा हिशेब भाड्यावर थांबतो. समजा भाडं ९,००० ठरलं. माझ्या आजवरच्या घरांत डिपॉझिट दोन महिन्यांचं घेतलं गेलं, एका ठिकाणी तीन. दोन धरले तरी १८,०००. दलालामार्फत घेतलं तर त्याचं बहुतेक एक महिन्याचं भाडं, ९,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, आणखी ९,०००. झाले ३६,०००, आणि अजून घरात झाडूसुद्धा आलेला नाही. करार, टेम्पो, शेगडी, बादल्या, गादी, पंखा नसेल तर पंखा, हे धरून ४५,००० हाताशी असल्याशिवाय ९,००० च्या घरात हात घालू नका. नसतील तर पहिले तीन महिने पीजीत काढा. त्यात शहरही कळतं.

मेन्टेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे पहिल्याच फोनवर विचारा. वेरा, म्हणजे कॉर्पोरेशनचा मालमत्ता कर, मालकानं भरायचा असतो. लाइट बिल तुमचं. ते दोन महिन्यांचं एकदम येतं, म्हणून पहिलं उन्हाळ्याचं बिल बघून घाबरू नका, दोननं भागून बघा.

शोध कुठे घ्यायचा

मोबाइलवरच्या साइटवर बघा, भावाचा अंदाज येतो. पण एक गोष्ट पक्की धरा: घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, टोकन पाठवा, मग किल्ली कुरिअरनं येईल" असं सांगणारे फोन सगळ्यांना येतात. कुणी "पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे मिळण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही.

दलाल घेतलात तर त्याचे पैसे करार झाल्यावर, किल्ली हातात आल्यावर द्यायचे, हे आधीच बोलून घ्या. घर दाखवण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका.

मला स्वतःला चारपैकी तीन घरं पायी फिरून मिळाली. रविवारी सकाळी ज्या भागात राहायचं आहे तिथे जा. सेवउसळ खा, आणि त्या गाडीवाल्यालाच विचारा. सोसायटीच्या फाटकावर "मकान भाडे आपवानुं छे", म्हणजे घर भाड्यानं द्यायचं आहे, अशी पाटी दिसते, खाली नंबर असतो. वॉचमनला माहीत असतं कुठला ब्लॉक रिकामा होतोय. जुन्या शहरात तर पाट्याही लागत नाहीत, तिथे सगळं तोंडी चालतं. वाचनालयात, देवळात, मराठी खानावळीत चार माणसांच्या कानावर घातलं की आठवड्याभरात निरोप येतो.

घर बघायला जाताना

एकच घर दोनदा बघा. एकदा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आणि एकदा रात्री नऊनंतर. दुपारी ऊन कळतं. बडोद्याचा मे महिना ४२-४३ अंशांचा असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं पश्चिमेकडे तोंड असलेलं घर स्वस्त मिळतं, ते त्यामुळेच. तसं घर घ्यायचंच असेल तर गच्चीवर जाऊन बघा. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची चायना मोझॅक फरशी असेल तर छत कमी तापतं आणि गळतही कमी. नुसतं काळं डांबर किंवा उघडा स्लॅब असेल तर खाली एसीशिवाय झोप लागणार नाही. रात्री गेलात की रस्त्यावरचे दिवे, कुत्री, पार्किंगची भांडणं आणि मुलगी एकटी परत येऊ शकेल का, हे सगळं दिसतं.

पाण्याचं सांगते, कारण इथेही नवा माणूस चुकतो. कॉर्पोरेशनचं पाणी दिवसभर येत नाही, ठरलेल्या वेळी थोडा वेळ येतं. "पाणी केटला वागे आवे छे?", म्हणजे पाणी किती वाजता येतं, हा इथला रोजचा प्रश्न आहे. मोठ्या सोसायटीत ते खालच्या टाकीत साठवून वर चढवतात, तिथे वेळेची काळजी नाही. टेनामेंटमध्ये किंवा पोळमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतल्या, घरात तुमचं तुम्हाला भरून ठेवावं लागतं. पहाटेची वेळ असेल आणि तुम्ही रात्रपाळी करत असाल तर ते घर तुमच्यासाठी नाही. बोअरचं पाणी येत असेल तर बाथरूमच्या नळाकडे आणि फरशीच्या कोपऱ्याकडे बघा. पांढरा, खवल्यांसारखा थर दिसला की पाणी जड आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, केस राठ होतात आणि गिझर वर्षाभरात बसतो. मी घर बघायला जाताना रिकामी बाटली नेते, नळाचं पाणी भरून घरी आणते आणि त्यात चहा करून बघते. जड पाण्याचा चहा लगेच कळतो. साय आल्यासारखा तवंग येतो.

जोर बघायचा असेल तर वरच्या मजल्यावर एक बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. वीस लिटरच्या बादलीला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर सकाळी दोन माणसांची आंघोळ वेळेत होणार नाही.

चोकडी आहे का ते विचारा. चोकडी म्हणजे भांडी-कपडे धुवायची कठड्याची जागा, स्वयंपाकघराच्या मागे किंवा बाल्कनीत. नव्या फ्लॅटमध्ये ती कधी कधी नसते, आणि मग भांडी घासायला येणाऱ्या मावशी यायला तयार होत नाहीत. पाइपचा गॅस शहरातल्या बऱ्याच घरांत आहे. तो असेल तर मीटर चालू आहे का आणि मागचं बिल भरलेलं आहे का, बघून घ्या. नसेल तर सिलिंडरची सोय तुम्हालाच करायची आहे. मोबाइलला आत, बंद दाराआड नेटवर्क येतं का, हेही तिथेच बघा. बाकी नळ, कड्या, खिडक्यांच्या जाळ्या, संडासची टाकी हे सगळं उघडून-मिटून बघायला संकोच करू नका. घर दाखवणाऱ्या काकांना वाईट वाटत नाही.

घरमालक काय विचारतील

पहिला प्रश्न: फॅमिली की बॅचलर? दुसरा: नॉनव्हेज खाता का? बडोद्यात बऱ्याच सोसायट्यांत मांसाहारी भाडेकरूंना घर देत नाहीत, आणि आपल्याकडे मासे-मटण घराघरांत शिजतं. इथे माझं ठाम मत आहे: खरं सांगा. "आम्ही घरी करत नाही, बाहेर खातो" हे खरं असेल तर तसं सांगा. घरी करणार असाल तर तेही सांगा, म्हणजे चार दारं बंद होतील पण पाचवं उघडेल ते तुमचं असेल. खोटं बोलून घेतलेल्या घरात रोज खिडक्या लावून फोडणी द्यायची, पाहुणा आला की दडपण, आणि तीन महिन्यांनी नोटीस. माझ्या ओळखीच्या दोन मुलांना असंच ऐन परीक्षेत घर सोडावं लागलं.

एकट्या मुला-मुलींनी आई-वडिलांना करार करायला सोबत आणलं तर बरेच मालक तयार होतात. गुजराती येत नसेल तरी हरकत नाही, हिंदी चालते आणि जुने बडोदेकर मराठीही समजतात. पण "काका, केम छो" एवढं तरी म्हणा. घर देणारा माणूस तुमच्या पगारापेक्षा तुमच्या बोलण्यावरून निर्णय घेतो.

तुमचेही प्रश्न विचारून घ्या. पाहुणे राहिले तर चालतात का, रात्री फाटक किती वाजता बंद होतं, नवरात्रात उशिरा येणं चालेल का. संक्रांतीला, म्हणजे इथल्या उत्तरायणाला, गच्ची भाडेकरूंना मिळते का, हेही विचारा. १४ जानेवारीला बडोद्यात सगळं शहर गच्चीवर असतं आणि त्या दिवशी खाली बसावं लागलं तर फार एकटं वाटतं.

करार

करार ११ महिन्यांचा का असतो, असं सगळे विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती खटपट आणि खर्च टाळायला ११ महिने लिहितात. छापील नमुना नोटरीकडे तयार असतो. त्यावर नुसती सही करू नका, बसून वाचा.

सर्वात आधी घर खरंच त्यांचं आहे का ते बघा. वेरा बिल आणि लाइट बिल यांवरचं नाव आणि आधारकार्डावरचं नाव जुळवा. बडोद्यातल्या खूप घरांचे मालक परदेशात असतात आणि किल्ली भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे असते. अशा वेळी करारावर सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे का, ते मागून बघा. मालक परदेशस्थ असेल तर भाडं देताना कर कापून भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते. सीएला एकदा विचारून घ्या.

करारात या गोष्टी शब्दांत हव्यात: भाडं किती तारखेला, मेन्टेनन्स कुणाकडे, ११ महिन्यांनी वाढ किती, घर सोडताना दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि रंगाचे पैसे कापणार का. शेवटच्या दोन ओळी नसतील तर लिहून घ्याच. माझ्या दुसऱ्या घराचं अर्धं डिपॉझिट रंगाच्या नावावर गेलं, आणि मी भांडू शकले नाही कारण कागदावर काहीच नव्हतं. आता मी आणखी एक ओळ घालून घेते: पुराच्या पाण्यानं घर राहण्याजोगं नसेल तर तेवढ्या दिवसांचं भाडं नाही आणि नोटिशीशिवाय घर सोडता येईल. एका मालकांनी ती ओळ बघून नकार दिला. त्यांच्या नकारातच मला उत्तर मिळालं आणि मी ते घर सोडून दिलं.

भाडं बँकेतूनच द्या. पगारातून घरभाडं भत्त्याची सूट घेणार असाल आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन नंबर लागतो. ९,००० चं घरसुद्धा त्यात येतं, म्हणून पॅन कराराच्याच दिवशी मागा, मार्चमध्ये नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे. ते ऑनलाइनही होतं. त्याची पोच तुमच्याकडे ठेवा, पुढे पासपोर्टच्या वेळी उपयोगी पडते.

किल्ली मिळाल्याच्या दिवशी

सामान आत यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक फरशी, फुटलेली टाइल, सिंकखालची ओल. वीज आणि गॅसच्या मीटरवरचे आकडे वाचता येतील असे फोटो घ्या आणि ते सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. कुलूप बदला. लाइट बिलावरचा ग्राहक नंबर मोबाइलमध्ये ठेवा, वीज गेली की तक्रार करताना तोच विचारतात.

शेजाऱ्यांच्या घरी पहिल्या संध्याकाळीच जा. माझ्या आताच्या, मांजलपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी मी आले तेव्हा समोरच्या बेनना पेढे द्यायला गेले. त्यांनी दारातच मला सोसायटीच्या ग्रुपमध्ये घातलं. त्या ग्रुपवर जुलै उजाडला की रोज सकाळी काळाघोड्याची पातळी येते. १८ फूट झाले की खालचे लोक गाड्या काढायला लागतात, वीस झाले की त्या फ्लायओव्हरवर जाऊन उभ्या राहतात. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही बादल्या, पिंप आणि पिण्याच्या पाण्याचे हंडे भरून ठेवतात, मोबाइल चार्ज करतात आणि तळमजल्यावरच्या आजींना वर घेऊन येतात. त्यांच्यासाठी माझ्या बाहेरच्या खोलीत एक गादी कायम घडी करून ठेवलेली आहे.